ग्रीन बिल्डिंगची खिडकी

मित्रांनो, आजच घडलंय, म्हणून आजच लिहिते.

पुसदमधल्या आमच्या नव्या अभ्यासिकेला ग्रीन बिल्डिंगचं प्रमाणपत्र मिळालंय. रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची, छतावर सोलर, आत एसी. मी आणि माझी मैत्रीण शबाना तिथंच परीक्षेची तयारी करतो.

आज दुपारी लाइन गेली. एसी थांबला. लाइनीसोबत सोलरही बंद पडतं, हे आम्हाला आजच कळलं. उन्हानं काच तापली आणि आत भट्टी झाली.

शबाना म्हणाली, "मले कसंतरी होऊन राह्यलं. खिडकी उघड ना."

मी काचेवरून हात फिरवत कडी शोधली. कडी नव्हतीच. एकही खिडकी उघडणारी नव्हती. मागे वळले, तर शबाना खुर्चीतून खाली कोसळलेली.

तिथं अभ्यास करणाऱ्या आम्ही चौघींनी उचलून तिला बाहेर कडुनिंबाखाली आणलं. तोंडावर पाणी मारल्यावर तिनं डोळे उघडले.

मालक धावत आले. मी विचारलं, "काका, खिडक्या काहून नाही ठेवल्या?"

"एसीची हवा वाया जाते ना, बाई. वीज वाचते म्हणूनच तर प्रमाणपत्र भेटलं."

मग लाइन आली. परीक्षा जवळ आहे, म्हणून सगळे आत गेले. मीही गेले.

अजून मार्चच आहे. शेजारी अगदी अशीच काचेची इमारत उभी होतेय. तिथं लहान मुलांचा दवाखाना होणार म्हणे.

त्याच्या खिडक्या उघडतील का, हे कोणी विचारलंय?