जिनं कधी नाव घेतलं नाही, तिची हाक

साल २०२३. तेव्हा माझं वय बहात्तर. आधारकार्डावर पंच्याहत्तर आहे, पण ती चूक कार्डवाल्याची. शाळा तिसरीपर्यंत, तरी हे माझ्या हातानं लिहिलंय. भूत, चेडा, वारं... मी कधी मानलं नाही. पाड्यातले लोक भगताकडं धावायचे, मी हसायचो. म्हणून पुढं जे सांगतोय, ते खोटं ठरवायला मीच आधी बघितलं. जमलं नाही.

आमचा पाडा जव्हार तालुक्यात, जामसरच्या पुढं. फाल्गुनात पाडा रिकामा — पोरं-सुना वीटभट्टीवर. घरात मी आणि माझी बायको जानी.

तेव्हा एक पोरगी यायला लागली. पुण्याची, शिक्षण नुकतंच संपलेलं. म्हाताऱ्यांना विसर का पडतो त्याचा अभ्यास करते म्हणाली. आमच्याकडं गोड बोलत आलेला माणूस शेवटी अंगठा मागतो, हे मला माहीत.

"बाय, खरं सांग. जमीन पाहिजे?"

"नाही हो बाबा. माझी आजी शेवटी मला ओळखायची नाही. आम्ही म्हणायचो, नाटक करते. फार बोललो तिला... म्हणून हे काम धरलं. आणि विसराची जी परीक्षा असते ना, ती शिकलेल्यांसाठी बनवलेली. तुमच्याकडची माणसं त्यात फुकट नापास होतात. मला इथली वेगळी बनवायचीय."

बोलली बरी. पण मन तिला मानेना.

त्या सकाळी ओट्यावर बसून तिनं जानीला विचारलं, "आजी, नवऱ्याचं नाव काय?"

जानी गप्प. पोरीनं मोबाईलवर काहीतरी दाबलं.

"काय दाबलंस? नापास?"

"सांगता आलं नाही, असं."

मी भडकलो. "आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाय! लग्न झाल्यापासून हिनं एकदा घेतलं नाय. हिला वेडी ठरवतेस?"

पोरगी ओशाळली. "चुकलं बाबा. काढते तो प्रश्न." मग हळूच म्हणाली, "पण मग आजींना तुमचं नाव आठवतंय की नाही, हे तुम्हाला तरी कसं कळतं? एकदा जव्हारला डॉक्टरांना दाखवू या ना."

"माझ्या बायकोला काय झालेलं नाय!"

"बरं. तुमचं नाव काय, बाबा?"

"नाय सांगत जा!" म्हणालो, टोपली उचलली आणि मोह वेचायला निघालो.

मोहाचं झाड टेकाडापलीकडं. आसपास माणूस नाही. वाकून फुलं वेचत होतो, तर मागून हाक — "नवसू!"

जानीचा आवाज. आताचा कापरा नाही... जवानीतला, बैलांना हाकारायची तो. जेवायला उशीर केल्यावर बाई चिडते, तसा. मागून हाक आली तर तिसऱ्यांदा येईपर्यंत ओ देऊ नये म्हणतात. मी कशाला मानतो! लगेच ओ दिली, वळलो. कोणी नाही. पुन्हा हाकही नाही.

टोपली तिथंच टाकून घर गाठलं. दोघी ओट्यावर तशाच बसलेल्या.

"मोबाईल दाव! हिचा आवाज भरून वाजवलास ना?"

पोरीनं मुकाट मोबाईल हातात दिला. "कसला आवाज, बाबा? आजी एक शब्द बोलल्या नाहीत."

"मग माझं नाव कोणी घेतलं?"

"तुमचं नाव मला अजून माहीत नाही."

खरंच की. पाड्यात सगळे बाबाच म्हणतात. आणि जानीनं जे नाव कधी तोंडातून काढलंच नाही, ते मोबाईलमध्ये भरणार कुठून?

तेवढ्यात जानीनं मला वर-खाली न्याहाळलं. परक्या माणसासमोर ओढतात तसा पदर डोक्यावर ओढला आणि पोरीला विचारलं, "ह्यो कोन आला गे?"

मी मोबाईल पोरीला परत दिला.

हाक कोणाची, मला आजही कळलेलं नाही. पोरीवरचा संशय पुरता गेला नाही. भगताला विचारलं नाही, विचारणारही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानीला जव्हारच्या पहिल्या जीपमध्ये बसवलं. जीप भरलेली, सगळी जामसरची ओळखीची माणसं.

जीपवाला म्हणाला, "काय बाबा, म्हातारीला घेऊन बाजार करताय?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "दवाखान्यात चाललोय. ती मला विसरलीय."