अवांतराचा रकाना

हेमचंद्र पाटणकरांनी आयुष्यात कधी कुणाची बाजू घेतली नाही, आणि या गोष्टीचा त्यांना चांगलाच माज होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण ऐकली की ते मान हलवून म्हणायचे, "आमच्याकडे उलटं हो. आमचा बाब्या आधी मोजायचा, मग दुसऱ्याचं कार्टं." सिंगापूरच्या मराठी मंडळात लोक यावर हसायचे. मेधाताई, त्यांची बायको, हसायच्या नाहीत.

माणूस मुळात मोजणारा. अलिबागला शाळेत असताना बॅट धरता येत नव्हती म्हणून क्लबाने त्यांना धावफलकाच्या टेबलाशी बसवलं, आणि पुढे मिसरूड फुटायच्या आधीच तालुक्यातला सगळ्यात बिनचूक धावलेखक म्हणून त्यांचं नाव झालं. मग मरीन इंजिनियर झाले, बारा वर्षं बोटींवर काढली, आणि नव्वद साली सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागले. तिथेही काम तेच. इंजिन उघडायचं, सिलिंडरच्या लायनरला, म्हणजे आतल्या अस्तराला, मायक्रोमीटर लावायचा, झीज किती झाली ते शतांश मिलिमीटरपर्यंत लिहायचं, आणि ठेवायचा की बदलायचा ते सांगायचं. बोटीचा चीफ इंजिनियर कितीही कळवळून म्हणाला, की अजून एक फेरी काढेल हो हा, तरी पाटणकर कागदावर बोट ठेवायचे. कागद म्हणतो बदला, तर बदला.

त्यांची मुलगी किमया तेव्हा बिशानच्या शाळेत जायची. राहायचे बिशानलाच, अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. शाळेत मुली सॉफ्टबॉल खेळायच्या. बेसबॉलची ही धाकटी बहीण, चेंडू थोडा मोठा, मैदान थोडं लहान, बाकी नियम जवळपास तेच. बारा वर्षांची ही काटकुळी पोर एका क्लबात जायला लागली, आणि क्लबाचे प्रशिक्षक मिस्टर लिम यांना कळलं, की हिच्या बापाला आकडे लिहायची हौस आहे. झालं. दर रविवारी पाटणकर टोपी घालून, दोन पेन्सिली आणि एक खोडरबर घेऊन झाडाखाली हजर. तीन हंगाम त्यांनी क्लबाच्या वह्या लिहिल्या. पगार नाही, मानधन नाही, फक्त थंडगार उसाचा रस.

आता या खेळात एक गोष्ट अशी आहे, की फेकणारीने चार चेंडू वाईट टाकले आणि बॅट हातात असलेल्या मुलीने ते निमूट सोडून दिले, तर तिला पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, चालत जायला मिळतं. याला म्हणतात वॉक. पाटणकरांनी नियम वाचला आणि त्यांच्या अलिबागी डोक्याने लगेच ओळखला. अरे, हा तर वाइड! वाइडची धाव फलंदाजाच्या नावावर कुठे मांडतात? ती जाते अवांतरात. बॅटला चेंडू लागला नाही, तर त्यात बॅट धरणाऱ्याचं काय कौतुक? त्यांनी छापील वहीच्या कडेला स्वतःच्या हाताने एक रकाना आखला, वर मराठीत लिहिलं 'अवांतर', आणि सगळे वॉक त्यात टाकायला सुरुवात केली. बरं, तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण सरासरी काढताना त्यांनी मुलगी जितक्या वेळा बॅट घेऊन उभी राहिली त्या सगळ्या पाळ्या खाली घेतल्या, आणि वर घेतले फक्त फटके. म्हणजे जी मुलगी वाईट चेंडू सोडून बेसवर जाईल, तिची ती पाळी बादच. खेळ जाणणाऱ्या कुणी ती वही उघडली असती, तर पहिल्याच पानावर ओरडला असता. पण लिमना मराठी येत नव्हतं, आणि पाटणकरांच्या सुंदर, सरळ, तांबड्या-निळ्या रेघांच्या तक्त्यावर अविश्वास दाखवायची कुणाची छाती नव्हती.

त्र्याण्णव साली क्लबाच्या मुली तैपेईला स्पर्धेला जाणार होत्या. मुली पंधरा, जागा चौदा. किमया चौदाची होती. तिने पासपोर्टचा फोटो काढून घेतला होता, आणि मेधाताईंच्या मागे लागून थंडीसाठी एक निळा स्वेटरही घेतला होता. सिंगापुरात स्वेटर घेणारी बहुधा ती एकटीच असेल.

रविवारी सामना संपल्यावर पाटणकरांनी लिमच्या हातात तक्ता ठेवला. साठ पाळ्या, नऊ फटके. किमया पाटणकर, पंधरावी.

लिमने तक्ता वाचला, मग मैदानाकडे पाहिलं. मुली जाळीच्या पिशवीत बॅटी भरत होत्या. "मिस्टर पाटणकर," तो म्हणाला, "आय डोन्ट नो, लाह. युअर डॉटर, एव्हरी टाइम आय लुक, शी इज ऑन बेस. वी टेक हर. समवन एल्स कॅन स्टे."

त्या क्षणी बापाने नुसतं गप्प बसायचं होतं. जगातला कुठलाही बाप गप्प बसला असता, वर लिमला दुसरा ग्लास रस पाजला असता. पण पाटणकरांना वाटलं, हा माणूस आपल्याला खूश करायला बघतोय. त्यांचा चेहरा ताठ झाला. "मिस्टर लिम, फीलिंग इज फीलिंग. फिगर्स आर फिगर्स. इफ यू टेक हर, आय विल नॉट राइट युअर बुक्स." लिमने खांदे उडवले. यादी चौदा नावांची झाली.

घरी किमया रडली नाही. ती वाद घालायला उभी राहिली, आणि तेच पाटणकरांना आवडलं नाही.

"बाबा, बट आय वॉज ऑन बेस, व्हॉट. हुई मिन इतकी मारते, पण ती आउट होते. मी आउट होत नाही."

"फुकट मिळालं ते. समोरची वेडंवाकडं टाकते, त्यात तुझं कर्तृत्व काय?"

"नॉट फुकट! मी बघते ना बॉल! बाकीच्या मारतात तोच बॉल, मी सोडते. सोडणं हार्ड आहे, बाबा."

"सोडणं कठीण!" पाटणकर मेधाताईंकडे बघून हसले. "ऐकलंस? न खेळणं कठीण म्हणे."

मेधाताई म्हणाल्या, "अहो, ती काय सांगतेय ते एकदा ऐकून तर घ्या." पण पाटणकरांची पेन्सिल कानावर गेली होती, म्हणजे विषय संपला होता.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या जेवणावळीत त्यांनी हा किस्सा दोनदा सांगितला. स्वतःच्या पोरीला वगळलं बरं का, आकड्यांपुढे बाप नाही. विलास नावाच्या एका कॅप्टनने त्यांची पाठ थोपटली. किमया दोन पानं सोडून बसली होती आणि श्रीखंड बोटाने चाटत होती. तिने वर पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात जुनं सामान न्यायला खाली करंगुनीवाला आला, तेव्हा ती बॅट आणि ग्लोव्ह त्याच्या गाडीत टाकून आली. निळ्या स्वेटरचं कुणी विचारलं नाही.

नंतर हळूहळू पाटणकरांच्या लक्षात यायला हवं होतं, पण आलं नाही. मुलगी प्रगतिपुस्तक आईला दाखवायची. कुठले विषय घेऊ, हे मैत्रिणीला विचारायची. कॉलेजात नाटकात काम कर म्हणाले तर "मला नाही जमणार" म्हणाली, वादविवादात भाग घे म्हणाले तर तेच. पाटणकर चारचौघांत म्हणायचे, "आमची किमया फार समंजस, हट्ट म्हणून कसला नाही." चार वर्षं ते तिच्या गप्प बसण्याला समंजसपणा म्हणत राहिले.

सत्त्याण्णव साली यार्डात एक अमेरिकन मालवाहू बोट दीड महिना गोदीत आली. मालकांच्या वतीने देखरेख करायला रॉय नावाचा एक लठ्ठ, खुशालचेंडू इंजिनियर होता. जेवणाच्या सुट्टीत तो कँटीनमध्ये एक जाडजूड पुस्तक उघडून बसायचा, आणि त्या पुस्तकात आकड्यांशिवाय काही नव्हतं. गुळाला मुंगळा लागावा तसे पाटणकर त्याच्या टेबलाशी चिकटले.

रॉयने त्यांना बेसबॉलची नवी गणितं शिकवली. तो म्हणाला, जुने लोक फटके मोजतात, आणि तिथेच फसतात. बाद व्हायच्या संधी संघाला मोजक्याच मिळतात, त्या संपल्या की खेळ संपला. मग खेळाडूला पहिला प्रश्न हा विचारायचा, की शंभर वेळा उभा राहिलास तर किती वेळा बाद न होता बेसवर पोचलास? फटक्याने पोचलास की वॉकने, ते नंतर बघू. दुसरा प्रश्न, मारलंस तेव्हा किती बेस मिळवलेस? दोन्हींची बेरीज कर, माणूस कळतो. पाटणकरांना हे इतकं आवडलं, की एका जेवणात त्यांनी कागदी रुमालावर तीन उदाहरणं सोडवली.

"तू कधी स्कोअर लिहिलायस?" एके दिवशी रॉयने विचारलं.

"तीन हंगाम," पाटणकर छाती फुगवून म्हणाले. "मुलींचा सॉफ्टबॉल."

"मग वॉक कुठे लिहायचास?"

"एक्स्ट्राजमध्ये. आणि पाळी मोजायचो."

रॉय इतका हसला, की त्याची कॉफी बशीत सांडली. "माय गॉड! सम पुअर किड पेड फॉर दॅट!"

पाटणकरही हसले, म्हणजे तोंड तसं केलं. समोरचा भात त्यांनी तसाच ठेवला. लहान मुलींच्या खेळात फेकणाऱ्याच कच्च्या, वॉक मिळणारच, असं त्यांनी म्हणून पाहिलं. रॉय म्हणाला, "शुअर. बट सेम पिचर्स फॉर एव्हरीबडी, राइट?"

शनिवारी दुपारी त्यांनी पलंगाखालून पत्र्याचा डबा ओढला आणि वह्या काढल्या. अवांतराचा रकाना एकेक खूण बोटाने मोजत मोकळा केला. किमया, साठ पाळ्या, नऊ फटके, बावीस वॉक. साठपैकी एकतीस वेळा पोर बेसवर होती. शंभरातले बावन्न. दुसरा नंबर हुई मिनचा, शंभरातले सदतीस. मार कमी म्हणून दुसऱ्या प्रश्नात किमया खाली गेली, पण दोन्हींची बेरीज करूनही ती पंधराजणींत तिसरी आली. पाटणकरांनी हिशेब तीनदा केला. चुकला असता तर बरं झालं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि तीही स्वतःच्या हाताने, तांबड्या-निळ्या रेघा आखून.

मेधाताई दारात उभ्या होत्या. कागद बघून त्यांना कळलं. "बैल गेला नि झोपा केला," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "तिला सांगणार आहात?"

"सांगायलाच हवं. चूक ती चूक."

"तिच्यासाठी सांगताय की तुमच्यासाठी?"

पाटणकरांना या प्रश्नाचा राग आला. त्यांनी रात्री नवा तक्ता स्वच्छ अक्षरात लिहून काढला.

रविवारी ते किमयाला ईस्ट कोस्टला समुद्रावर घेऊन गेले. ती आता अठराची होती. दोघं तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये बसली, मधे उसाच्या रसाचे दोन ग्लास. पाटणकरांनी तक्ता उलगडून तिच्यासमोर ठेवला आणि शिकवल्यासारखं सगळं समजावून सांगितलं, अमेरिकन रॉय, त्याचं बेसवर पोचण्याचं गणित, फटक्यांचं गणित, बेरीज. किमयाने सगळं ऐकलं. मधे एकदा तिचं बोट स्वतःच्या नावाखाली फिरलं.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तेव्हाच. तुम्ही हसलात. आता आंग मो, गोरा अंकल बोलला, सो इट्स ट्रू?"

पाटणकरांनी मान खाली घातली. याची त्यांनी तयारी केली होती. यापुढे ती रागावेल, मग रडेल, मग सगळं मोकळं होईल, असं त्यांनी मनात धरलं होतं.

"पण मग कोच लिम?" तिने विचारलं. "त्याला पण कळलं नाही? हाच पेपर बघून त्याने मला काढलं?"

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. लिम केव्हाच क्लब सोडून पर्थला गेला होता, कोण विचारणार होतं? पण पाटणकरांना खोटं लिहिता येत नव्हतं, तसं बोलताही येत नव्हतं. "त्याला कळलं होतं," ते म्हणाले. "तो तुला नेतो म्हणाला होता. मीच नको म्हटलं."

किमयाने कागद पुन्हा स्वतःकडे ओढला. तिचा रस तसाच होता, त्यातला बर्फ वितळून गेला.

"मला वाटायचं, मी खरंच लाउझी होते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "त्या दिवशी मी ठरवलं, ओके, फाइन, मला नाही जमत. नाटक नाही, डिबेट नाही, काही नाही. मग त्रास नव्हता, बाबा. आय वॉज ओके ऑलरेडी." तिने कागदाची घडी घातली, कडेला कड नीट जुळवून, आणि त्यांच्या ग्लासखाली सरकवली. "आता हे मी कुठे ठेवू?"

ती उठून बसस्टॉपकडे चालायला लागली. पाटणकर तिच्या मागे निघाले, पण कागद विसरला म्हणून परत वळले, आणि तेवढ्यात तिची बस आली.