पंपाचं दार

रहिमतपूरच्या रस्त्यावरच्या पंपावर मी पेट्रोल सोडायला लागले, तेव्हा आमच्या भागात पंपावर बाई कुणी पाहिली नव्हती. नवरा फौजेत, लांब. घरात सासूबाई आणि मी. जुन्या मालकांना भरवशाचं माणूस हवं होतं आणि मला काम. सासूबाईंनी अबोला धरला. मी पदर खोचून रोज जात राहिले.

मशीन तेव्हा आकड्यांच्या चकत्यांचं होतं. लाईट गेली की बाजूचं पत्र्याचं दार उघडायचं, आत हँडल लावायचं आणि हातानं पेट्रोल उपसायचं. रांगेतला एखादा म्हणायचाच, "बाई, जमंल का तुमाला? द्या हिकडं." मी म्हणायचे, "तुमी टाकीचं झाकण काडा." हँडल मी कधी कुणाच्या हाती दिलं नाही.

पुढं नवी मशीनं आली. मीही नोकरी सोडून घराला लागूनच पिठाची गिरणी घातली. जुनं मशीन पंपामागच्या झुडपात पडून होतं. ते भंगारात चाललंय असं कळलं, तशी मी मालकांच्या मुलाकडे गेले. पंप आता तोच बघतो.

"काकू, त्यात काय राहिलंय? काय करणार नेऊन?"

"ते माझं मी बघीन."

भंगाराच्या भावात घेतलं आणि टेंपोत घालून आणलं. नवरा आता फौजेतून परत आलेला. त्यानं मशीनभोवती एक फेरी मारली. "हे दारात ठिवणार व्हय?"

"व्हय. दारातच."

गंज खरवडला, पत्रे ठोकून सरळ केले. अडलं ते त्या दारापाशी. वरचा कोपरा बाहेर यायचा, खालची कड चौकटीवर घासायची. ढकलून लावलं तर कुलपाची जीभ खाचेच्या खालीच राहायची.

त्याच सुमारास आमचा चुलत दीर यात्रेला आला. सांगलीजवळ कुपवाडला त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. त्यानं दार दोनदा आपटून बघितलं. "वहिनी, खालनं ग्राइंडर मारू, न्हाईतर सरळ वेल्डिंग करून टाकू. बाहेरनं दिसतंय की झकास. उघडणार कोण हाय आता?"

"मी."

"उगा लय ताप करून घेताय."

"घेती. पण दाराला ग्राइंडर लावायचा न्हाई."

तो हसला आणि जेवायला गेला. मला राग आला. दार वेल्डिंग करून बंद केलं, तर उरतं काय? नुसता रंगवलेला डबा.

दुसऱ्या दिवशी गिरणी दुपारी बंद ठेवली. आधी चौकटीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी सुतळी धरली, मग उलट्या बाजूनं. दोन्ही सारख्या भरल्या. म्हणजे चौकट बरोबर होती, दोष बिजागऱ्यांत होता. त्यांच्या खिळ्या झिजून बारीक झाल्या होत्या, म्हणून दार लोंबत होतं. त्या लेथवर नव्या करून आणल्या. खालच्या बिजागरीमागं जुन्या रंगाचे आणि खड्डे बुजवायच्या लांबीचे थर साचले होते, तेही खरवडले.

मग बिजागऱ्यांचे स्क्रू ढिलेच ठेवून दार बसवलं. चारी बाजूंनी फट सारखी राहावी म्हणून घरातल्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या पट्ट्या मधे सरकवल्या. नवरा पायरीवर बसून बघत होता.

"आवं, नुसतं बघू नका. दार वर उचलून धरा."

त्यानं धरलं, मी स्क्रू आवळले. पट्ट्या काढल्या. दार घासायचं थांबलं, पण वरचा कोपरा अजून बाहेरच. दाराचा पत्राच पिळला होता. खालच्या कोपऱ्यात लाकडाचा ठोकळा अडकवला आणि वरच्या कोपऱ्यावर तळहात टेकून सगळं वजन टाकलं.

"मोडंल गं."

"मोडलं तर पुना करीन."

थोडं दाबायचं, ठोकळा काढायचा, लावून बघायचं. असं करत करत एकदा दार आपसूक आत गेलं आणि कुलपाची जीभ खाचेत बसली. नवऱ्यानं ते उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. संध्याकाळी स्वतःच लाल रंगाचा डबा घेऊन आला.

रंग वाळला. येणारेजाणारे थांबून फोटो काढू लागले. हे मालकांच्या मुलाच्या कानावर गेलं आणि तो पिकअप घेऊन, दोन माणसांसह हजर झाला.

"काकू, पंपाचं नवं ऑफिस बांधलंय. ह्याला पुढं काचेत ठेवतो. शेवटी आमच्या पंपाचंच आहे ते."

"भंगार म्हणून दिलंस तवा कुणाचं हुतं?"

"तसं नव्हे. तिथं शोभा येईल. तुम्ही म्हणाल ते देतो."

"पंपावर बाई हाय का कामाला?"

तो गोंधळला. "बायका टिकत नाहीत हो तिथं."

"मी टिकले. तुझ्या वडलांना ठावं हुतं."

त्यानं नवऱ्याकडे बघितलं. पुरुषमाणूस समजून घेईल, असं त्याला वाटलं असावं. नवरा म्हणाला, "मला काय इचारतोस? मशीन तिचं हाय."

पिकअप रिकामीच परत गेली. ती माणसं मशीनला दोर बांधायच्या तयारीनं आली होती. जाताना दोर आमच्याच अंगणात विसरून गेली. मागायला अजून कुणी आलेलं नाही. मी त्यावर कपडे वाळत घालते.