जनान्यातले हुंदके

कोर्टाच्या कचेरीत कडूबा साधा पट्टेवाला, पण आमच्या गल्लीत त्याचा हुद्दा जजसाहेबाच्याही वरचा. शुक्रवारी नवा पिक्चर लागला की रविवारी तीनच्या खेळाला कडूबा जाणार, आणि तो परतेपर्यंत गल्लीतली एकही बाई तिकिटाची गोष्ट काढणार नाही. निकाल तोंडानं सांगायची त्याची रीत नव्हती. सायकलवर बसून घंटी वाजवत आला, तर पिक्चर पास. सायकल हातात धरून मान खाली घालून आला, तर नापास. एकदा चाक पंक्चर झालं म्हणून बिचारा चालत आला, आणि एक चांगला देवाधर्माचा पिक्चर आमच्या गल्लीपुरता बुडाला.

त्याची मतं ठाम होती. तलवारीचे पिक्चर नापास, कारण "दोन तास हाणामारी अन् धोतराला डाग नाय." कोर्टाचे पिक्चर तर त्याला बघवत नसत. "एका बैठकीत निकाल? आमच्याकडं साधी तारीख मिळायला माणसाचे केस पिकतात!" एका पिक्चरमध्ये सासर सोडून आलेली पोरगी शिवणयंत्र घेते आणि एकटी राहते. त्या दिवशी कडूबानं सायकल नुसती हातात धरली नाही, वाटेत दोनदा लाथाडली. "शिवणयंत्रावर कुणाचा संसार शिवला गेलाय का?"

त्याला आवडायची ती सोसणारी. नवरा मारतो, सासू छळते, ती तुळशीपुढं उभी राहते, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत नवरा पाया पडतो. असा पिक्चर लागला की कडूबाची घंटी पार नाक्यापासून ऐकू यायची.

पोलिस ॲक्शन होऊन दहा वर्षं झाली होती, निजामाचं राज्य गेलं होतं, पण छावणीच्या वाटेवरच्या त्या टॉकीजातला जनान्याचा पडदा काही गेला नव्हता. डाव्या अंगाला बायकांची बाकडी, उजवीकडं पुरुष, मध्ये जाड कापड. कडूबा नेहमी त्या कापडाला खेटून बसायचा. भलतंसलतं मनात आणू नका, तो तसला नव्हता. त्याला पलीकडचे हुंदके ऐकायचे असत. "पिक्चर भिडला का नाय, हे आपल्याला काय कळतंय? बाया रडल्या की समजायचं, खरा हाय."

त्याची एकुलती लेक आवडाबाई वैजापूरला दिली होती. जावई रामकिसन तिथल्या मोंढ्यात कांद्याच्या आडतीवर होता. दिसायला उमदा, बोलायला गोड. लग्नाला तीन वर्षं झाली आणि माघात पोरगी एकटीच एस.टी.नं आली. हातात पिशवी नाही, पायात चप्पल नाही. आम्ही सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांनी "आली का गं?" एवढंच विचारलं.

चार दिवस ती घरात काही बोलली नाही. पाचव्या दिवशी तिच्या आईनं, सारजाबाईनं, कडूबाला भाकरी वाढता वाढता सांगितलं, "आवो, पोरगी उताणी झोपत नाय. रातभर पालथी पडती."

"गाडीत अंग आंबलं असंल."

"पाच दिवस आंबतंय व्हय? तुमी तिला जवळ बसवून इचारा तरी."

"बापानं लेकीला काय इचारायचं असतं?" कडूबा म्हणाला. "रविवारी पिक्चरला नेतो. तिचं तिला समजंल."

योगायोग असा, की त्याच आठवड्यात सोसणारीचा एक पिक्चर लागला होता. कडूबानं आवडीला सायकलवर मागं बसवलं आणि टॉकीजच्या दाराशी सरूबाईच्या हवाली केलं. सरूबाई आमची शेजारीण. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, ही गल्लीची पक्की समजूत. बायका पडद्याआड गेल्या, कडूबा कापडाला खेटून बसला.

मध्यंतरापर्यंत पलीकडं दाणे फोडल्याचे आवाज होते. कडूबा जरा धास्तावला. पण मध्यंतरानंतर नवऱ्यानं हात उगारायच्याही आधी हुंदके सुरू झाले. एक, मग दुसरा, मग सगळी बाकडीच्या बाकडी. कडूबानं आजवर इतकं रडणं ऐकलं नव्हतं. नवरा पाया पडला तेव्हा कडूबाचेही डोळे भरून आले. पोरीला कळलं, असं त्याला वाटलं.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "कसा वाटला?"

"चांगलाय, आबा," आवडी म्हणाली. सायकलवर बसता बसता म्हणाली, "जाऊ का मग मी?"

"जा बाई. माणूस सुधारत असतो."

त्या रविवारी त्यानं अख्ख्या रस्त्यानं घंटी वाजवली. लेक मागं बसली होती. दोन दिवसांनी ती वैजापूरला गेली.

ज्येष्ठात सांगावा आला. आवडी पाणी शेंदताना विहिरीत पडली. पाय घसरला म्हणे. माहेरी ती वयाच्या आठव्या वर्षापासून पाणी शेंदत होती, पण घसरला म्हणाले म्हणजे घसरला. आम्हीही कुणी जास्त विचारलं नाही. मयतीला रामकिसन धाय मोकलून रडला, सगळ्यांदेखत कडूबाच्या पायांवर पडला. कडूबानं त्याला उठवलं आणि छातीशी धरलं. घरी येऊन म्हणाला, "जावई लई रडला. माणूस वाईट नव्हता, सारजे." सारजाबाई चुलीपुढून हलली नाही.

पुढं दीड वर्षानं तोच पिक्चर पुन्हा लागला. कडूबा गेला. मनात काय होतं, देव जाणे. बहुधा त्याला ते रडणं पुन्हा ऐकायचं होतं. लेकीचा आवाज त्यात कुठंतरी होता ना! तो कापडाला खेटून बसला. मध्यंतर झालं. नवऱ्यानं हात उगारला, मारलं, घराबाहेर काढलं. पलीकडं दाणे फुटत होते. कुणाचं तरी तान्हं किरकिरलं. नवरा पाया पडला, तेव्हा एक बाई चक्क हसली.

खेळ सुटल्यावर सरूबाई दारात दिसली. कडूबानं तिला गाठलं.

"सरूबाई, आज कुणी रडलं नाय."

"त्यात काय रडायचंय? दुसऱ्यांदा बघतोय."

"मागल्या टायमाला लई रडल्या होत्या. मारायच्या आधीपासून रडल्या."

सरूबाईनं इकडंतिकडं पाहिलं. मग पदर तोंडाला लावला.

"भाऊ, ते पिक्चरचं नव्हतं."

"मग?"

"मध्यंतराला मी चहा दिला अन् सहज पोरीच्या पाठीवर हात ठेवला. कशी कळवळली ती! बत्ती होती, झंपर वर करून बघितलं. पाठ नव्हती भाऊ ती. विळा तापवून लावलेला. बाकड्यावरच्या समद्या बाया बघायला आल्या अन् समद्या रडत बसल्या. पुढं पिक्चर कुणी बघितलाच नाय."

कडूबानं सायकल भिंतीला टेकवली. "मला का नाय सांगितलं?"

"मी निघालेच होते सांगायला. तिनंच हात धरला. म्हणली, मावशी, आबाला सांगू नका. न कळता जा म्हणले तर जाईन. कळून जा म्हणले तर मी कुठं जाऊ?"

गल्लीभर बातम्या वाटणाऱ्या बाईनं एवढी एक गोष्ट जवळजवळ दोन वर्षं पोटात ठेवली होती.

त्या संध्याकाळी कडूबा सायकलवर बसून आला नाही आणि हातात धरूनही आला नाही. मोकळ्या हातांनी आला. ओट्यावरच्या बायकांनी विचारलं, "काय भाऊ, पास का नापास?" तो थेट घराकडं गेला. दारात सारजाबाई ज्वारी पाखडत होती.

"सारजे, तुला ठाव होतं?"

सुपाचा हात थांबला नाही. "मी सांगितलं होतं. पालथी झोपती म्हणून सांगितलं होतं."

सायकल चार दिवस टॉकीजच्या आवारात पडून होती. कुणीतरी आणून दाराला टेकवली, ती अजून तशीच आहे. गल्लीतल्या बायका आता कुणाला न विचारता पिक्चरला जातात. फक्त परतताना त्या कडूबाच्या दारावरून येत नाहीत, मागच्या बोळातून येतात. आम्हीही तिकडूनच येतो.