अ‍ॅट्रॅक्टा आणि न दुखणारी तपासणी

आयर्लंडमधल्या आमच्या गॉलवे शहरातल्या चर्चच्या वेदीवरची वस्त्रं माझी शेजारीण अ‍ॅट्रॅक्टाच धुते आणि इस्त्री करते. बोलायला फटकळ, पण स्वतःच्या दुखण्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. लहानपणी आम्हा सगळ्यांनाच शिकवलं होतं, दुखलं की रडायचं नाही, ते देवाला अर्पण करायचं. मेल्यावर पापं धुऊन निघेपर्यंत शुद्धिस्थानात अडकलेल्या एखाद्या आत्म्याची स्वर्गाची वाट तेवढी सोपी होते. मोठ्या झाल्यावर आम्ही विसरलो. ती विसरली नाही.

ऑगस्टमध्ये चर्चमधली फुलदाणी उचलताना ती कळवळली, तेव्हा मी खोदून विचारलं. स्तनात गाठ. ईस्टरपासून, म्हणजे एप्रिलपासून!

"आणि तू गप्प?"

"कोल्मनसाठी सोसतेय."

कोल्मन तिचा धाकटा भाऊ. दारूपायी गेला, फादरपुढे पापांची कबुली न देताच. नोव्हेंबर आमचा मृतांसाठी प्रार्थनेचा महिना. तो संपेपर्यंत कळ सोसीन, असा शब्द तिनं देवाला दिला होता.

मी तिला जवळजवळ ओढतच इस्पितळात नेलं. एक्स-रेमध्ये सावली दिसली. सुई घालून लगेच गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढायला हवा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. हिचं एकच पालुपद, "नोव्हेंबर संपू दे."

तिथल्या एमर नावाच्या नर्सनं मग विचारलं, नव्या यंत्राच्या चाचणीत भाग घ्याल का? त्यात एक्स-रे नाहीत, दाबणं नाही, मायक्रोवेव्हच्या लहरी असतात.

"मायक्रोवेव्ह? मी काय कालचा बटाटा आहे गं, गरम करायला?"

एमर हसली. "अगदी क्षीण असतात हो. गाठीत पाणी जास्त, म्हणून तिथून त्या वेगळ्या परततात. पण यावर अजून निदान ठरत नाही, ते सुईनंच. यंत्र पारखायला तुमची मदत होईल, पुढच्या बायकांसाठी."

"दुखतं का?"

"मुळीच नाही."

"मग माझ्या काय कामाचं?"

एमर गोंधळली. मला मात्र कळलं. तरी 'पुढच्या बायकांसाठी' म्हटल्यावर हिला नाही म्हणवेना.

पलंगावर पालथं झोपायचं, स्तन भोकातून खालच्या भांड्यात सोडायचा आणि हलायचं नाही. मी बाहेर जपमाळ घेऊन बसले. बऱ्याच वेळानं ती आली आणि नुसतीच बाकावर टेकली.

"काय झालं गं?"

"काहीच दुखलं नाही. पडल्यापडल्या कोल्मनसाठी प्रार्थना केली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, नीट. एरवी कळ आली की माझं सगळं लक्ष कळीकडेच. तो राहतो बाजूला."

मी म्हटलं, "मग ही गाठ कुणासाठी जपतेयस?"

"तू कधीपासून फादर झालीस?" ती फिस्कारली. पण डोळे भरले होते. "शब्द मोडला तर देव रागावेल का गं?"

"त्यानं तुझ्याकडे गाठ मागितली होती का?"

तिनं कोटाची बटणं लावली, उठली आणि एमर बसली होती त्या नोंदणीच्या खिडकीशी गेली.

"पोरी, त्या सुईची तारीख दे. लवकरातली लवकर. फक्त शनिवार नको, शनिवारी माझी इस्त्री असते."