निळीच्या टाकीत हळद

आमच्या मालकांचा देवावर विश्वास जास्त, माझ्यावर कमी. एरवी माझी तक्रार नव्हती, पण त्या खंडेनवमीला माझा जीव टांगणीला लागला.

कोल्हापूरबाहेरच्या त्यांच्या सूत रंगवायच्या डाईंगमध्ये मी केमिस्ट. रंगवलेलं सूत धुतलं की पाण्यात बरीच नीळ सुटते. पूर्वी ते पाणी सरळ नाल्यात जायचं आणि नाल्याच्या खालच्या अंगाला माझं माहेर. आईच्या विहिरीला निळी झाक यायची. ती ते पाणी गुरांनाही दाखवत नसे. मालकांचं डोकं खाऊन मी फिल्टर बसवून घेतला. गाळलेली नीळ कॉस्टिक सोडा आणि हायड्रो या रसायनांत विरघळवून पुन्हा सुताला चढवायची. नीळ नाल्यात जाणं बंद झालं, विहीर निवळत गेली. मालकांची अट एकच: अशा निळीची पहिली टाकी नासली तर फिल्टर भंगारात आणि पाणी परत नाल्यात.

ती टाकी तयार झाली नेमकी खंडेनवमीला. यंत्रांची पूजा करत मालक टाकीपाशी आले आणि मी ‘नको’ म्हणेपर्यंत मूठभर हळद आत टाकून मोकळे झाले. विरघळलेल्या निळीच्या पिवळट हिरव्या पाण्यावर लालभडक ओघळ पसरला.

“नासली,” मालक म्हणाले. “सोडा नाल्यात.”

मी नाल्याकडच्या व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून उभी राहिले. संतापाने माझे कान तापले होते.

“हळद हाय ती, मालक. कॉस्टिकमध्ये लाल होणारच. चुना घालून हळदीचंच कुंकू करत्यात न्हवं?”

“मला शिकवू नका, मॅडम. हात काढा.”

“एक लडी बुडवू द्या. निळी न्हाय झाली तर चाक मीच फिरवते.”

कामगाराने सुताची लडी बुडवून वर काढली. ती हिरवी आली. तशीच येते, हवा लागली की निळी होते. पण त्या दिवशी ती हिरवीच राहिली, निदान मला तरी तसं वाटलं. मालकांनी चाकाची दुसरी बाजू धरली. ज्या देवाला मी मनात शिव्या घातल्या होत्या, त्यालाच मनोमन हात जोडले.

मग एका कडेने नीळ चढू लागली आणि बघता बघता सगळी लडी एकसारखी झाली. मालकांनी ती पिळली, दारातल्या उजेडात उलटसुलट पाहिली.

“चालू करा,” ते म्हणाले.

मी बाहेर येऊन आईला फोन लावला. “विहिरीचं पाणी कसं हाय गं?”

“पाण्यागत हाय की. का?”

मला रडूच फुटलं.