दोन्हीकडे सारखाच शब्द

भाऊजींची तक्रार फेटाळली गेली ती दोन शब्दांमुळे, आणि ते दोन्ही शब्द मी लिहिलेले होते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरून मला कोणी कधी बोललं नाही, माझ्या बहिणीनंसुद्धा नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. गाव तुकईथड, पण नोकरी बऱ्हाणपुरात, एका सरकारी कचेरीत. जुन्या प्रांतात त्यांच्या कचेरीचं कामकाज बहुतेक इंग्रजीत चाले आणि वऱ्हाडाकडून येणारे कागद मराठीत असत. तो मराठी पत्रव्यवहार भाऊजींकडे होता. मग राज्यं नव्यानं आखली गेली. वऱ्हाड तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. नागपूरकडे बघायची सवय मोडून भोपाळकडे बघायला लागलो. भाऊजींच्या टेबलावर येणारे कागद हळूहळू थांबले. त्यात नव्या राज्यात आलेल्या चार जुन्या भागांच्या नोकरवर्गाचं एकत्रीकरण चाललेलं. सगळ्यांची मिळून एक ज्येष्ठतेची यादी निघणार होती. हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती, आणि आमच्या हिशेबानं ती भाऊजींची होती.

नवे साहेब ग्वाल्हेरकडून आले. माणूस क्रूर नव्हता, हे मला लिहायलाच हवं. त्यांना गंमत आवडायची. सकाळचं टपाल भाऊजींनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची, असा त्यांनी पायंडा पाडला. भाऊजी ‘जांच’मधला ज आपल्या जाळ्यातल्या जसारखा उच्चारत. साहेब म्हणत, “बड़े बाबू, फिर से पढ़िए.” ते पुन्हा तसंच वाचत. कचेरी हसे. चूक झाली की संध्याकाळी सगळे गेल्यावर बसून तेच पत्र पुन्हा उतरवून काढायचं. ताई जेवणाचं ताट झाकून वाट बघत बसे. शेवटी हिंदी येत नाही म्हणून त्यांना मागच्या रेकॉर्डच्या खोलीत बसवलं, आणि त्यांच्या हाताखाली काम शिकलेल्या माणसाला यादीत त्यांच्या वर चढवलं.

तेव्हा भाऊजींनी तक्रार करायचं ठरवलं. ती हिंदीतच द्यावी लागणार होती. मी सरकारी शाळेत मास्तर होतो, नुकतीच हिंदीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालो होतो, आणि सगळ्या गल्लीला ते कळेल अशा बेतानं वागत होतो. मी म्हटलं, मी लिहून देतो.

मोठ्या दिमाखात लिहिलं. मला साधी बाजारातली हिंदी नको होती. तापीच्या राजघाटावर नावाडीसुद्धा बोलतो ती हिंदी कचेरीत काय शोभणार, असं वाटलं. भारदस्त शब्द हवे होते. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: “साहब प्रतिदिन सबके सामने मेरी चेष्टा करते हैं और बिना कारण शिक्षा देते हैं.”

भाऊजींनी कागद वाचला. त्या वाक्यावर बोट ठेवून थांबले.

“मास्तर, ही ‘चेष्टा’ हिंदीत चालते का?”

ते मला नेहमी मास्तर म्हणत, तेही जरा ओढून, चिडवल्यासारखं. मी त्यांच्या लग्नात करवला होतो तेव्हापासून त्यांना माझी थट्टा करायचा हक्क होता.

मी म्हणालो, “संस्कृत शब्द आहे भाऊजी. दोन्हीकडे सारखाच.”

त्यांनी सही केली.

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि शिक्षा म्हणजे शिक्षण. शाळेतल्या कुठल्याही पोराला विचारलं असतं तरी कळलं असतं. मी स्वतः तेच पोरांना शिकवत होतो. शाळेच्या फाटकावरच ‘शिक्षा विभाग’ लिहिलेलं होतं, रोज त्याच्याखालून आत जात होतो. पण अन्याय सांगताना माणूस आपल्या भाषेतूनच सांगतो. त्या वेळी माझ्या मनात मराठी बोलत होती आणि हात हिंदी लिहीत होता.

निकाल आला तो थोडक्यात होता. तक्रारदार स्वतःच मान्य करतो की अधिकारी त्याच्यासाठी रोज सर्वांसमक्ष प्रयत्न करतात व कारण नसतानाही त्याला शिकवतात. सबब तक्रार निराधार. भाऊजींनी तो मला वाचायला दिला. मी वाचला. मग पुन्हा वाचला. निकाल देणाऱ्याला खरंच तेवढंच कळलं, की त्याला सोयीचं सापडलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

वर अपील करता येत होतं. मी म्हटलं, सरळ लिहू, हे शब्द मराठी अर्थानं पडले आहेत. भाऊजींनी निकाल माझ्या हातून परत घेतला. मग म्हणाले, “म्हणजे मीच सही करून देऊ का, की मले हिंदी येत नाही?”

तोच तर साहेबांचा आरोप होता. अपील जिंकायचं तर तो कबूल करायचा, आणि कबूल केला की रेकॉर्डची खोली आपोआप रास्त ठरत होती. यातून तिसरी वाट मला सुचेना. मी म्हणालो, मग मी लिहून देतो की मसुदा माझा होता. त्यावर ताई आतून म्हणाली, “तुझी नोकरी अजून पक्की झाली नाही रे.” भाऊजी म्हणाले, “एका घरातले दोघं कशाले पाहिजेत? तू राहू दे.” मी राहू दिलं. दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. त्यांनी ऐकलं नसतं, हे खरं आहे. पण मी तो केला नाही, हेही खरं आहे.

शब्द मराठी अर्थानं पडले एवढंच लिहून अपील दिलं. सुनावणी खंडव्याला होती. बऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनापर्यंत टांग्यानं गेलो. गाडीत मी त्यांच्याकडून घोकून घेत होतो: चेष्टा नाही, उपहास. शिक्षा नाही, दंड. ते पुटपुटत होते, ज सांभाळत होते. समोरचा एक केळीवाला आमच्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, मंत्र चाललाय.

मला आत सोडलं नाही. मी व्हरांड्यात बांबूच्या चिकाच्या पडद्याबाहेर उभा राहिलो. आधी काही ऐकू येईना. मग भाऊजींचा आवाज आला, अडखळत. मग एक हसू. ते दबकं, कुजकं नव्हतं. मोकळं, घरच्यासारखं हसू होतं. पाठोपाठ आणखी दोघंतिघं हसले. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी कुणाला तरी बोलावून तो शब्द सांगितला असावा, कारण ते हसू पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मला पडदा सारून आत जायचं होतं. आत जाऊन काय सांगणार होतो ते मात्र ठाऊक नव्हतं, आणि शिपाई माझ्याकडेच बघत होता.

भाऊजी बाहेर आले, टोपी नीट केली, आणि आम्ही स्टेशनाकडे चालायला लागलो.

“माणूस चांगला आहे,” ते म्हणाले. “बसायले खुर्ची दिली. पाणी पाजलं.”

“आणि हसले कशाला?”

“शब्दाले. साहेब म्हणे, हा किस्सा घरी सांगीन.”

पुढे गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले. तापीचा पूल आमच्या स्टेशनापुढे पडतो, त्यामुळे नदीही दिसली नाही, नाहीतर मी तीच दाखवून विषय बदलला असता.

अपिलाचा निकाल सौम्य भाषेत होता. अर्जदाराची अडचण सहानुभूतीने ऐकली. अर्जदारानेच मान्य केले आहे की हिंदीचे त्याचे ज्ञान पुरेसे नाही. सबब त्याला दिलेले काम व यादीतील स्थान योग्य आहे. हेडक्लार्कच्या खुर्चीत ज्याला बसायचं तो बसला.

अजून एक पायरी उरली होती, भोपाळला. मुदत होती. मी पुन्हा मसुदा केला. या वेळी कुठलाही दिमाख नाही. एकेक शब्द कोशात पाहिला, वाक्यं तोकडी केली. सुट्टीच्या दिवशी दुपारी घेऊन गेलो. ताईनं गच्चीवर ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या वाळत घातल्या होत्या आणि भाऊजी कावळे हाकत बसले होते. त्यांनी कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे बघून विचारलं, “यातला कोणता शब्द फसवणार नाही?”

चिडवून नव्हे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ‘निवेदन’ पाहिला, ‘अन्याय’ पाहिला. कोशात हे शब्द दोन्हीकडे सारखेच होते. पण ‘चेष्टा’ही मला असाच सारखा वाटला होता. त्यांनी वाट पाहिली. मला नुसतं ‘कोणताच फसवणार नाही’ म्हणायचं होतं आणि ते तोंडातून निघालं नाही.

“बरं,” ते म्हणाले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली, आणि उठून ओल्या बिबड्या उलटायला लागले. मीही वाकून उलटू लागलो. त्या नीट सुटत नव्हत्या, माझ्या हातून फाटत होत्या. ते म्हणाले, राहू दे, ताई करील.

मुदत निघून गेली. त्यांनी तो कागद पुन्हा काढला नाही, मी मागितला नाही. रेकॉर्डच्या खोलीतूनच ते निवृत्त झाले. आता नदीपलीकडे जैनाबादेत शेताच्या तुकड्याजवळ राहतात. मी गेलो की चहा होतो, केळीच्या बागेची चौकशी होते, सगळं ठीक असतं. फक्त ते मला आता मास्तर म्हणत नाहीत. नावानं हाक मारतात, अगदी नीट, जसं परक्याला मारावं. मी पूल ओलांडून परत येताना दर वेळी ठरवतो की पुढल्या खेपेला त्यांना विचारायचं, ‘मास्तर’ म्हणणं का सोडलं. आणि पुढल्या खेपेला कुठल्या शब्दांत विचारावं, हे मला कळत नाही.